उभी कुठे करणार?

जपानमध्ये गाडी घ्यायची ठरवली तेव्हा मला वाटलं होतं, आधी कोणीतरी विचारेल की बाबा रे, तुला चालवता येते का, पैसे आहेत का, आणि मुळात तुला गाडीची गरजच काय, इथल्या आगगाड्यांवरून तर लोक घड्याळं लावतात. यातला शेवटचा प्रश्न बायकोने विचारला. सरकारने मात्र योकोहामातल्या एका पोलीस ठाण्याच्या खिडकीतून अगदी वेगळंच विचारलं: उभी कुठे करणार? त्या विचारण्यात अशी काही कळकळ होती, की स्थळ बघायला आलेला वधुपिता आठवावा. मुलगा काय करतो ते नंतर बघू, आमची मुलगी राहणार कुठे ते आधी सांगा.

हा प्रश्न इथे १९६२ सालच्या कायद्याने विचारला जातो. ज्याला गाडी हवी, त्याने ती ठेवायला रस्ता सोडून स्वतःची किंवा भाड्याची जागा असल्याचं दाखवायचं, आणि ती जागाही घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी. या दाखल्याला ‘शाको शोमेई’ म्हणतात. शाको म्हणजे गॅरेज. माझ्या वाट्याला आलेला शाको म्हणजे खडी पसरलेल्या मोकळ्या जागेत दोऱ्या ताणून आखलेला, मेथीच्या वाफ्यासारखा एक लांबट चौकोन होता. दाखला नसेल तर गाडी आपल्या नावावर होत नाही. आमच्याकडेही हा प्रश्न पडतो, पण गाडी दारात आल्यावर, आणि तो सरकार विचारत नाही, शेजारी विचारतात.

वडिलांनी चेतक नोंदवली तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. ती आली तेव्हा मी पाटीवर ‘ग म भ न’ गिरवत होतो. त्या काळी स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, आणि त्या वर्षांत माणसं इतकी स्वप्नं बघत, की स्कूटर कुठेकुठे जाईल याची यादी तयार असे. ती रात्री कुठे झोपेल हे कोणाच्या डोक्यात येत नसे. वाईतल्या आमच्या वाड्यात ती आली त्या संध्याकाळी सगळी बिऱ्हाडं चौकात जमली, आईने ओवाळलं, पेढे वाटले, आणि रात्री साडेनऊच्या सुमारास वडिलांच्या लक्षात आलं की दिंडी दरवाज्यातून ती आत तर आली, पण ठेवायची कुठे? जिन्याखाली कोळशाची पोती, तुळशीपाशी घरमालकांच्या आई पहाटे जपाला बसणार, नळापाशी सकाळी बादल्यांची रांग. शेवटी उंबऱ्यावर फळी टाकून ती आमच्या बाहेरच्या खोलीत घेतली आणि आईची जुनी साडी पांघरून निजवली. माझं अंथरूण तिच्याशेजारी. पुढे कितीतरी वर्षं मी पेट्रोलच्या वासात झोपलो. अजूनही पेट्रोल पंपावर रांगेत थांबलो की मला जांभई येते, आणि बायकोला वाटतं मला तिच्या बोलण्याचा कंटाळा आला.

गाडी चालवण्याचा परवाना मी आधीच मिळवला होता, आणि तिथेही घोडं थांबण्यापाशीच अडलं होतं. आंतरराष्ट्रीय परवान्यावर इथे आल्यापासून एक वर्ष निभतं. त्यानंतर भारतीय परवाना बदलून जपानी घ्यायचा, तर लेखी प्रश्न सोडवून वर बंदिस्त मैदानात गाडी चालवून दाखवावी लागते. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे मी निर्धास्त होतो. जिथे ‘थांबा’ लिहिलं आहे तिथे मी थांबलो, असं माझं अजूनही म्हणणं आहे. वाईच्या हिशेबाने तर मी तिथे मुक्कामच केला होता. परीक्षकांनी अत्यंत अदबीने, अंगठा आणि तर्जनी यांच्यात तिळाएवढं अंतर ठेवून दाखवलं, की चाकं अजून एवढी फिरत होती. दुसऱ्या वेळी तीळ निम्मा झाला, पण होता. तिसऱ्या खेपेला मी त्या रेषेपाशी असा थांबलो, की मैदानाच्या कडेच्या झाडावरचा कावळा उडाला, परत आला, आणि परीक्षकांनी हलकेच ‘दोझो’ म्हटलं. जा आता, असा त्याचा अर्थ.

मग शिक्का. गाडीच्या कागदांवर इथे सहीपेक्षा शिक्क्याला मान, आणि तो शिक्का वॉर्डच्या कचेरीत नोंदवलेला लागतो. त्याचंही माप ठरलेलं आहे: ८ मिलिमीटरच्या चौकोनात मावेल इतका लहान नको, २५ मिलिमीटरच्या चौकोनाबाहेर जाईल इतका मोठा नको. एवढ्याशा जागेत मला माझं कुलकर्णीपण बसवायचं होतं. जपानी जिभेला ल आणि र हे जुळे भाऊ वाटतात, आणि जोडाक्षरात दोन व्यंजनं खेटून बसलेली तिला सोसत नाहीत; ती प्रत्येकाच्या मध्ये एकेका स्वराची उशी ठेवते. असा मी ‘कुरुकारुनी’ झालो. गाडीला इथे ‘कुरुमा’ म्हणतात. कागदावर दोन्ही शब्द शेजारी आले की एकाच आईची लेकरं वाटत.

शिक्का हातात आला तेव्हा मला आमच्या घरातल्या माळ्यावरची लाल रुमालात बांधलेली दप्तरं आठवली. आमच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाचे कागद लिहिले. कोणाचं रान कुठे संपतं, बांध कोणाचा, आंब्याचं झाड बांधाच्या अलीकडे की पलीकडे, हे सगळं त्यांच्या बोरूतून उतरायचं. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतनं गेली, पण घराण्यात एक ताठा उरला होता. तो ताठा घेऊन मी पोलीस ठाण्याच्या खिडकीपाशी उभा होतो, हातात फूटपट्टी आणि शिसपेन्सिल, कारण गाडीच्या जागेचा नकाशा अर्जदाराने काढून द्यायचा असतो. घर कुठे, जागा कुठे, मध्ये रस्ता कोणता, वाफ्याची लांबी-रुंदी किती मीटर, समोरचा रस्ता किती रुंद. कितीएक शेतकरी माझ्या खापरपणजोबांपुढे असेच अवघडून उभे राहिले असतील. त्यांचा हिशेब फिटायला माझ्यापर्यंत यावं लागलं, तोही योकोहामात.

नकाशा मी जीव ओतून काढला. घर, स्टेशन, कोपऱ्यावरची बेकरी, वाफा, आणि वाफ्याच्या डोक्याशी एक गोल, त्यात बारीक बारीक गोल. तिथे काकीचं झाड आहे. काकी म्हणजे इथलं टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ. पानं गळून गेल्यावर नुसती फळं फांद्यांना राहतात, आणि हिवाळ्यात ते झाड लग्नघरावरच्या दिव्यांच्या माळेसारखं दिसतं. बायको म्हणाली, “तू दाखल्यासाठी नकाशा काढतोयस की चित्रकलेच्या इलिमेंटरी परीक्षेला बसलायस?” खिडकीतल्या तरुण पोलिसानेही त्या गोलावर बोट ठेवून हे काय, असं विचारलं. मी सांगितलं. तो बराच वेळ गोलाकडे बघत राहिला. मग म्हणाला, झाडाची आवश्यकता नाही. पण खोडून टाका असं म्हणाला नाही, आणि शासकीय दप्तरात ते झाड तसंच फळांसकट जमा झालं.

जागेची मालकीण ऐंशीच्या घरातली. तिचं खरं नाव मी पूर्ण अदबीने ‘सान’ लावून घेत असे, मनात मात्र काकीआजी म्हणत असे. जागा वापरायला दिल्याचं संमतिपत्र तिच्याकडून हवं होतं. तिने कागद दोनदा वाचला, रेशमी पिशवीतून शिक्का काढला, आणि आपण चष्म्याच्या काचेवर सोडतो तशी तोंडाने त्याच्यावर हाऽऽ करून वाफ सोडली. मग अंगठ्याचा सगळा भार देऊन तो टेकवला. शाई पुन्हा ओली व्हावी म्हणून इथली जुनी माणसं असं करतात, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला वाटलं, तिने कागदात प्राण फुंकला.

गाडी होती दुसऱ्या हाताची होंडा फिट, जी आपल्याकडे जॅझ नावाने आली. टोकियोतला एक सहकारी बेंगळुरूला परतत होता, त्याची ती. टोकियोची पाटी योकोहामात चालणार नव्हती, म्हणून नोंदणीच्या कचेरीत गाडीच घेऊन जायचं होतं. तिथे आवारात पाहतो तो काय, कोट-टाय घातलेली माणसं आपापल्या गाडीच्या मागे उकिडवी बसून स्क्रूड्रायव्हरने पाट्या सोडवत होती. स्वतःच सोडवायची, खिडकीवर परत करायची, नवी घ्यायची, स्वतःच लावायची. मीही बसलो. गंजलेला एक स्क्रू काही केल्या हलेना, तेव्हा शेजारच्या टायवाल्याने न बोलता आपली तेलाची बाटली पुढे केली. कामाच्या या पद्धतीत दलालाला जागाच कुठे असते, असं मनात येतं न येतं तोच तो टायवाला हा व्यवसायाने एजंट असल्याचं कळलं, आणि मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

जपानी पाटीवर वर गावाचं नाव, त्याशेजारी वर्गाचा आकडा, खाली चार अंकांचा नंबर आणि डाव्या हाताला एक एकटंच हिरागाना अक्षर असतं. अक्षरं वाटतानाही इथे काळजी घेतात. ‘शि’ देत नाहीत, कारण त्याचा उच्चार मृत्यूसारखा. ‘हे’ देत नाहीत, कारण त्याचा अर्थ मराठीत सांगायचा तर पंगतीत बसून सांगता येणार नाही. नंबराच्या शेवटी ४२ आणि ४९ हेही मागितल्याशिवाय येत नाहीत, त्यातही मरणाची चाहूल आहे म्हणे. हे वाचून मला अमावस्येला खरेदी न करणाऱ्या माझ्या आत्याची फार आठवण झाली. माझ्या वाट्याला अक्षर आलं ‘ने’. जपानीत वाक्याच्या शेवटी ‘ने’ म्हटलं की त्यात आपल्या ‘हो ना?’चा सूर असतो. मराठीत मात्र ते सरळ आज्ञार्थी क्रियापद आहे, आणि माझ्या गाडीच्या मागे ते चांगलं तळहाताएवढं लिहिलेलं.

पाट्या लावून झाल्यावर एक अधिकारी आला. त्याने इंजिनापाशी वाकून चासीचा क्रमांक कागदाशी ताडला आणि मागच्या पाटीच्या डावीकडच्या स्क्रूवर ॲल्युमिनियमची एक छोटी टोपी बसवून दाबली. मोहोर. आता ती तोडल्याशिवाय पाटी निघायची नाही. मी चष्मा वर करून बघितलं, टोपीवर एकच चित्राक्षर होतं. योकोहामा ज्यात येतं त्या कानागावा प्रांतात प्रांताच्या नावातलं पहिलं अक्षर वापरतात, आणि ते सुटं लिहिलं तर त्याचा अर्थ होतो देव.

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल. “पूजा केलीस का रे गाडीची?” मी म्हटलं, “आई, सरकारने देवाचा शिक्का मारूनच दिलीय.” ती म्हणाली, “सरकारचा देव सरकारजवळ. तू नारळ फोड.” इथे गाडीची पूजा होत नाही असं नाही. शेजारच्या कावासाकीत दाइशीच्या मंदिरात गाड्यांसाठी वेगळं प्रार्थनागृह आहे, आणि ते बांधलंय चक्क भारतीय धाटणीचं. पण आईला तिच्या डोळ्यांदेखत आणि तिच्या सूचनांनुसार झालेलीच पूजा मान्य असते. भारतीय दुकानातून नारळ आणला, चाकांखाली लिंबं ठेवली, बायकोने फोन धरला. खडीवर नारळ फोडणं म्हणजे उशीवर फोडण्यासारखं आहे. चौथ्या फटक्याला तो दुभंगला आणि त्याचं पाणी दोरी ओलांडून शेजारच्या वाफ्यात गेलं. मान वर करून बघतो तर काकीआजी अंगणात उभी.

माझी जपानी भाषा भाजी आणायला पुरते, नारळाचं तत्त्वज्ञान समजवायला पुरत नाही. मी नुसता वाकलो. आजी आत गेली. मला वाटलं, संमतिपत्र आणायला गेली, फाडण्यासाठी. ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात बशीभर मीठ आणि दुसऱ्या हातात साकेची लहान बाटली होती. चारी चाकांपाशी तिने चिमूटभर मीठ टाकलं, वर साकेचे थोडे थोडे थेंब शिंपडले, आणि गाडीसमोर हात जोडले. फोनमधून आईचा आवाज आला, “मीठ बरोबर आहे, मोहऱ्या विसरल्या वाटतं त्या.”

रविवारी पहिली फेरी. यामाशिता बागेत हिंदी लोकांनी दिलेली एक जुनी घुमटी आहे; १९२३ च्या भूकंपात योकोहामाच्या लोकांनी इथल्या भारतीय व्यापाऱ्यांना आधार दिला, त्याची परतफेड म्हणून त्यांनी गावाला पाण्याची सोय करून दिली. मुलीला ती परदेशातली पाणपोई दाखवायची होती. बायको पाटीकडे बघून म्हणाली, “ने म्हणतेय ना, मग ने.” बागेशी पोचलो तर वाहनतळ भरलेला. शेजारचा भरलेला. त्याच्या शेजारच्याबाहेर रांग. बागेला तीन प्रदक्षिणा झाल्या, तिन्ही वेळा झाडांमधून घुमटीचं टोक दिसलं, आणि तिन्ही वेळा मी मुलीला “ते बघ” म्हणेपर्यंत बस आडवी आली. मग परत निघालो.

वाफ्यात गाडी लावली. दोन्ही दोऱ्यांपासून सारख्याच अंतरावर, नकाशात दाखवल्याप्रमाणे. उतरायचं कोणाच्या मनात येईना. काकीआजीने खिडकीतून विचारलं, लवकर आलात? मी सांगितलं, उभी करायला जागा मिळाली नाही. तोंडावर हात ठेवून ती बराच वेळ हसत होती. बायकोने बागेसाठी घेतलेला डबा उघडला आणि आम्ही तिथेच, काचा खाली करून, काकीच्या झाडाखाली थालीपीठं खाल्ली. मुलगी मागच्या सीटवर केव्हाच झोपली होती. बायकोने आपली ओढणी काढून तिच्या अंगावर घातली.