हिमालयनचं टायर

अ‍ॅडव्हेंचर गाडीला रोड टायर बसवायचं म्हणजे आपण कुठंही जाणार नाही, हे पैसे मोजून, पक्की पावती घेऊन जाहीर करायचं. म्हणून मी ते पुष्कळ दिवस टाळलं. गाडीचं नाव हिमालयन, घर हिंगोलीत, नोकरी सेनगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत. या तिघांचं आपसात जुळवून द्यायचं काम टायरकडं होतं आणि टायरनं ते चोख केलं. रबराचे चौकोनी गोटे, मधे बोट जाईल एवढ्या खाचा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मालक आत्ताच स्पितीच्या खोऱ्यातून उतरलाय. मालक आलेला असायचा कनेरगाव नाक्याहून, मेव्हण्याकडचं बारसं जेवून.

चौकशी करणारेही भेटायचे. पेट्रोल पंपावर एकानं विचारलं, "ही बुलेट का?" मी म्हणालो, "त्याच कंपनीची. हिमालयन. २०१६ साली आली, ४११ सीसी." तो म्हणाला, "मग फटफट का करीत नाही?" शाळेत चौथीतल्या एका पोरानं टायर चाचपून विचारलं, "सर, ट्रॅक्टरचं बसवलं का?" त्यावर मी परिसर अभ्यासाचा अख्खा तास घर्षणाला दिला. फळ्यावर टायर काढलं, गोटे काढले, गोट्याची धार मातीत कशी घुसते ते बाण मारून दाखवलं. तास संपल्यावर पोरगं शेजारच्याला म्हणालं, "ट्रॅक्टरचंच हाय."

गोट्यांना माती लागते, ही खरी अडचण. अकोल्याहून नांदेडला जाणारा १६१ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला आणि आमच्यासारख्या साहसी माणसांची पंचाईत झाली. हिंगोली सोडली की कळमनुरी, आखाडा बाळापूर, वारंगा फाटा ही गावं अंगाला धक्का न लावता मागं पडतात. अशा रस्त्यावर दातेरी टायर नुसतं गातं. साठच्या पुढं सुरू झालेला तो एकसुरी 'घूंऽऽ' नांदेडपर्यंत कानात बसतो आणि तिथं जेवायला बसल्यावर वरणातूनही ऐकू येतो. शिवाय रस्त्याला टेकतात ती फक्त गोट्यांची डोकी, खाचा हवेतच. म्हणजे टायर १२० मिलिमीटर रुंद असलं तरी रस्ता धरणारं रबर त्यातलं थोडकंच. ब्रेक दाबला की गोटे आधी स्वतः वाकतात, मग गाडी थांबवायचं मनावर घेतात. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढं गेला की मधली रांग बघता बघता सपाट होते.

कडेची रांग मात्र कोरी करकरीत. नवं टायर साच्यातून निघतं तेव्हा त्यावर रबराचे बारीक केस राहतात. वळणावर गाडी कलली की कडेचे केस झिजतात. जो जितका कलतो, त्याचे तितके कमी. माझ्या टायरच्या कडेला ते सगळेच्या सगळे शाबूत, एकेक ताठ उभा. एखाद्या जाणकारानं वाकून पाहिलं असतं तर या माणसानं आयुष्यात एकही वळण घेतलेलं नाही, हे त्याला तिथंच कळलं असतं. म्हणून एका रविवारी मी नेलकटर घेऊन ते केस कापायला बसलो. बायको दारातून म्हणाली, "टायरची हजामत झाली की स्वतःचीही उरका."

मधले गोटे झिजून पार बसले तेव्हा नव्या टायरचा अभ्यास सुरू केला. आमच्या घरात लग्नाच्या पत्रिका बघायलाही एवढा वेळ लागला नव्हता. मागच्या टायरच्या अंगावर लिहिलेलं असतं १२०/९० - १७, ६४एस. १२० मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या ९० टक्के उंची, १७ इंची रिम. ६४ म्हणजे हे टायर २८० किलो वजन पेलतं. 'एस' म्हणजे ताशी १८० किलोमीटरपर्यंत टिकतं. माझी गाडी १८० नं पळत नाही, आणि पळाली तर तेव्हा मी तिच्यावर नसेन. बाजूलाच चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन साल, म्हणजे टायर कधी जन्मलं ते. हे सगळं मी मधल्या सुट्टीत शिक्षकांना समजावून सांगायचो. हळूहळू माझ्या डब्याशेजारी कुणी बसेना.

इथं मला आबांच्या बैलगाडीचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. टायरच्या विषयात बैलगाडी कशाला, असं बायको म्हणतेच. पण ती गाडी सोडून चाकाचा विचार करणं मला जमत नाही.

आबांच्या गाडीची चाकं बाभळीची आणि त्यांच्यावर लोखंडी धाव. धाव बसवायच्या दिवशी गावातल्या पोरांची शाळा बुडालीच म्हणून समजा. लोहार धावेचं कडं मुद्दाम चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायचा. मग गोवऱ्या गोल रचायच्या, त्यात ते कडं, वर पुन्हा गोवऱ्या, आणि द्यायचं पेटवून. लोखंड लाल होऊन फुगलं की तिघंचौघं सांडशीनं ते उचलून जमिनीवर आडव्या ठेवलेल्या चाकापाशी आणायचे. त्या वेळी बाकी कुणी बोलायचं नाही. एकटा लोहार बोलायचा, आणि तो जे बोलायचा ते पोरांनी ऐकण्यासारखं नसायचं, म्हणून आम्ही जवळ सरकायचो. धाव टेकताच लाकूड पेट घ्यायचं. घणाचे चार घाव घालून ती सारखी केली की लगेच घागरीनं पाणी. चर्रर्र आवाज, पांढरी वाफ, जळक्या बाभळीचा वास. आणि मग ज्यासाठी आम्ही आलेलो असायचो ते: थंड होता होता लोखंड आकसायचं आणि आतून कट्, कट् असा आवाज यायचा. सैल झालेले आरे तुंब्यात जाऊन बसायचे. सगळं चाक आवळून निघायचं. आबा बोटाच्या पेरानं चाक ठोकायचे, कान लावून ऐकायचे आणि लोहाराकडं न बघता म्हणायचे, "जमलं." लोहाराला त्या वेळी पैसे नाहीत, सुगीला ज्वारी. नक्षी नाही, हवा नाही, पंक्चर नाही. किती किलो पेलतं ते कुठं लिहिलेलं नाही, कारण ते बैल सांगायचे.

हवेचं टायर चालू केलं तेही जनावरांच्याच डॉक्टरनं. जॉन बॉइड डनलॉप हा बेलफास्टचा पशुवैद्य. पोराच्या तीनचाकी सायकलला फार धक्के बसतात म्हणून यानं रबरी नळीत हवा भरून ती चाकांना गुंडाळली आणि १८८८ साली पेटंट घेतलं. त्याच्याही आधी चाळीसेक वर्षं रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं असलंच पेटंट घेऊन ठेवलं होतं. पण तेव्हा लोकांना पंक्चरची घाई नव्हती. आबांची आणि डनलॉपची गाठ पडली असती, तर आबांनी टायरकडं ढुंकूनही न बघता आधी विचारलं असतं, बैलाचा खांदा सुजलाय, काय लावू?

असो. नांदेडला टायरच्या दुकानात गेलो. तयारीत गेलो होतो. मेट्झेलर टुरन्स, मिशेलिन अनाकी, पिरेली स्कॉर्पियन ट्रेल ही नावं पाठ केली होती आणि ती मी एका दमात म्हणून दाखवली. दुकानदार गल्ल्यावरून उठलाही नाही.

"गाडी कुठं कुठं फिरती?"

"लडाख," मी म्हणालो.

"गेलते?"

"जायचंय."

"मग जाताना बघू. आता रोज कुठं जाता?"

"शाळेत."

"शाळेपर्यंत डांबर हाय?"

"आहे."

"मग काय तर!"

एवढ्यात निकाल. परदेशी टायरचं म्हणाल तर जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातल्यापासून ती मागवायची म्हणजे वाट बघा आणि किंमत ऐकून खाली बसा. त्यात माझं पुढचं चाक २१ इंची. त्या मापात डांबरासाठीचं टायर शोधायला गेलं की पर्याय बोटांवर मोजावेत इतके. शेवटी सीएटचं घेतलं. दुकानदारानं जुनी टायरं काढून कोपऱ्यात भिरकावली आणि रोड टायर चढवताना सहज म्हणाला की या कंपनीचा दुचाकी टायरांचा कारखाना आपल्या नागपूरजवळ, बुटीबोरीला आहे. मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी शाळेत मात्र सांगितलं, की कंपनी मूळची इटलीतल्या तुरीनची, १९२४ सालची, भारतात आली १९५८ मध्ये. मुख्याध्यापक म्हणाले, "म्हणजे इटालियन टायर?" मी नाही म्हणालो नाही.

टायर चांगलं आहे. आवाज नाही, ब्रेक लागला की गाडी तिथंच उभी, पावसात भीती नाही. याच्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही, हेच त्याचं दुखणं.

दुकानदाराला मी अर्धंच सांगितलं होतं. डांबर शाळेपर्यंत आहे. पोरं राहतात त्या वस्तीपर्यंत नाही. फाट्यापासून आत पाणंद आहे, आणि जून लागला की त्या पाणंदीत आमची काळी माती जागी होते. पाणी प्यायली की ही माती फुगते आणि ज्याला त्याला धरते. गोट्यांचं टायर असताना मी एकदा ऐटीत आत शिरलो होतो. दहा-वीस फेऱ्यांत सगळ्या खाचा मातीनं भरल्या, गोटे गायब, चाक गुळगुळीत. मग माती मडगार्डखाली ठासली आणि चाक फिरायचंच बंद झालं. या मातीत शिरल्यावर टायर कुठल्या कंपनीचं, हा प्रश्न उरत नाही. काठीनं चिखल उकरत बसलो होतो, तेव्हा शेजारून एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन आरामात निघून गेली.

गेल्या पावसाळ्यात त्या वस्तीवरच्या एका बाईला रात्री कळा सुरू झाल्या. १०८ ची गाडी फाट्यापर्यंत आली. पुढं येणं शक्यच नव्हतं. ट्रॅक्टर काढला, तो निम्म्यात रुतला. शेवटी एका म्हाताऱ्यानं गोठ्यामागं पडलेली धावेची जुनी गाडी बाहेर ओढली, चार बैल जुंपले, वर गोधड्या टाकल्या, आणि बाया कंदील धरून बरोबर चालल्या. बाई वेळेत पोचली. पोरगी झाली, दोघी सुखरूप आहेत. ही पाणंद मोजून झालेली आहे, तिचे कागदही झालेले आहेत. खडी तेवढी यायची राहिलीय, आणि ती येणार असं ऐकत तिथली एक पिढी बापजाद्यांच्या वयाला आली. याचा मला भयंकर राग येतो आणि तो कुठं काढावा ते कळत नाही. आम्ही लोक हजारो रुपये मोजून खडतर वाटेची टायरं घेतो. त्या बाईला त्या रात्री साहस बिलकूल नको होतं, डांबर हवं होतं.

आता पोरं दोन दिवस शाळेत आली नाहीत की मी गाडी फाट्यावरच्या टपरीशी लावतो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडतो आणि चालत निघतो. परवा असाच निघालो होतो, तर मागून दूधवाला आला. शंभर सीसीची जुनी गाडी, दोन्ही बाजूंना कॅन. नियमानं दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल लागते. याच्या टायरवर ती भिंगातून शोधावी लागली असती. पुढचं मडगार्ड त्यानं पावसाळा लागतानाच काढून घरी टाकलेलं, माती अडकायला जागाच नको म्हणून. दोन्ही पाय खाली सोडलेले, पहिला गिअर, बेतानं. तो थांबला नाही. थांबता तर रुतता. चालत्या गाडीवरूनच ओरडला, "चढा सर, चढा! रिकाम्या कॅनवर मागचं चाक जाग्यालाच फिरायलंय, वजनच पाहिजे व्हतं."

मी पळत जाऊन दोन कॅनच्या मधे बसलो. डोक्यावर हेल्मेट तसंच होतं, ते अ‍ॅडव्हेंचरवाल्यांचं, पुढं चोच असलेलं. गाडी दोनदा आडवी गेली, दोनदा सरळ झाली. मी डोळे मिटून घेतले होते. वस्तीतली पहिली झोपडी दिसली तसा तो मान न वळवता म्हणाला, "सर, ते डोक्यावरचं काढा. कुत्रे अंगावर येतेत."