बिल्ड वाचतं कोण?

नवा टेक लीड रुजू झाला की पहिल्या दोन-तीन महिन्यांत काय बदलतं? रखडलेले बग तसेच राहतात. बदलतं ते बिल्ड टूल.

अँटवरून मेवन, मेवनवरून ग्रेडल, आता बॅझेलची चर्चा. अख्खं क्वार्टर त्यात जातं. ग्राहकाच्या पदरात काय पडतं?

काही नाही.

मग जुनंच बरं का? ‘मेक’ घ्या. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते लिहिलं. एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ चूक शोधण्यात वाया गेली होती. चूक दुरुस्त झालेली होती, फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहिली होती. कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते आपण मेकफाइलमध्ये लिहायचं, कोणती नंतर बदलली एवढंच मेक तारीख-वेळ बघून ठरवतं. लिनक्सचा कर्नल आजही मेकवरच बिल्ड होतो.

पण तो टॅब! मेकफाइलमध्ये कमांडच्या ओळीआधी टॅबच लागतो. आठ स्पेस दिल्या तरी डोळ्यांना फरक दिसत नाही. मेक मात्र ‘मिसिंग सेपरेटर’ म्हणून जागेवर थांबतं. ही खोड फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आली होती. तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, त्यांचं काम मोडू नये म्हणून टॅब राहिला. त्या डझनभरांची सोय आपण अजून निस्तरतोय.

नव्यांच्या गावात तरी स्थैर्य आहे का? जावास्क्रिप्टवाल्यांना विचारा. ग्रंट झालं, गल्प झालं, वेबपॅक झालं. २०२० साली ईएसबिल्ड आणि व्हीट आले. २०१६ साली आलेलं ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ २०२५च्या फेब्रुवारीत रिॲक्टच्याच टीमने मोडीत काढलं. त्यावर उभे असलेले प्रकल्प मात्र चालूच आहेत, आणि ते सांभाळणारी माणसंही.

नव्यांचा वेग खरा आहे, हे मान्यच करायला हवं. एक ओळ बदलली की मिनिटभर स्क्रीनकडे बघत बसावं लागत असेल, तर खुशाल बदला. बिल्ड आधीच दहा सेकंदांत होत असेल तर कशासाठी?

‘गूगल वापरतं’ म्हणून? कुबरनेटीस गूगलमध्येच जन्मलं, बॅझेलही गूगलचंच. तरी कुबरनेटीसने २०२१ साली बॅझेल काढून टाकलं. मेक आणि बॅझेल अशा दोन व्यवस्था शेजारी शेजारी सांभाळणं जड झालं होतं. राहिलं कोण? मेक.

लगेच टाळ्या नकोत. २०२४च्या मार्चमधलं ‘एक्सझेड’ प्रकरण आठवा. दाबून ठेवलेल्या फाइली उलगडणारी ही साधी लायब्ररी, लिनक्समध्ये जिकडेतिकडे. तिच्यात चोरदरवाजा बसवला गेला तो बिल्ड स्क्रिप्टच्या वाटेने. मेकच्या जोडीने चालणाऱ्या जुन्या ऑटोटूल्सच्या जंजाळातली ती फाइल गिटमध्ये नव्हतीच, फक्त रिलीजच्या गठ्ठ्यात होती. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, असा प्रश्न आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला पडला म्हणून ती सापडली.

रिलीजबरोबर आलेली स्क्रिप्ट. वाचली कुणी?

खरा निकष हाच. टूलचं वय सोडा. बिल्ड फाइल टीममधल्या किती जणांना वाचता येते ते मोजा. उत्तर ‘एकाला, आणि तो नोटीस पीरियडवर’ असं असेल, तर टूल १९७६चं असो की परवाचं, धोका तोच. न वाचलेल्या स्क्रिप्टचं स्थलांतर म्हणजे जुनाच गुंता नव्या सिंटॅक्समध्ये.

उद्या हिंजवडीत, मगरपट्ट्यात, जिथे असाल तिथे एवढं करा. नव्याने रुजू झालेल्या मुलीला कोरा लॅपटॉप द्या आणि एका कमांडमध्ये बिल्ड होतं का ते बघा. अडलं, तर कुठे अडलं ते लिहून घ्या. ती यादी टूलमुळे झाली असेल तर टूल बदला, आपल्या आळसामुळे झाली असेल तर आधी स्क्रिप्ट साफ करा.

आणि बदलायचंच ठरलं, तर नवं आणण्याच्या तारखेआधी जुनं काढण्याची तारीख लिहून त्यावर टेक लीडची सही घ्या.