अलॉयशास्त्र : प्राथमिक परिचय

मोटारीच्या चाकाला दोन कामे असतात. पहिले, गाडी पुढे नेणे. विलेपार्ल्यात हे काम संध्याकाळी जवळजवळ बंद असते. दुसरे, उभ्या गाडीला शोभा आणणे. हे चोवीस तास चालू असते. दुसऱ्या कामात कंपनीचे लोखंडी चाक नापास होते, म्हणून ते काढून मिश्रधातूचे, म्हणजे अलॉय चाक बसवतात.

अलॉयशास्त्रातला पहिला संस्कार अपसाइझ. १८५/६५ आर १५ या टायरमध्ये १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, साइडवॉलची उंची तिच्या ६५ टक्के, आणि १५ हा रिमचा इंचांतला व्यास. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये सुमारे १२० मिलिमीटर रबर. त्याजागी १७ इंची रिमवर २०५/४५ चढवला, की चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते, पण रबर ९२ मिलिमीटरवर येते. गेलेले २८ मिलिमीटर हीच शोभा. खड्ड्याचा दणका खाण्यात त्यांचा वाटा होता. तो आता रिम, सस्पेन्शन आणि मागे बसलेल्या आजींचा मणका यांच्यात वाटून दिला जातो.

दुसरा संस्कार ऑफसेटचा, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून तिच्या बोल्टच्या बैठकीपर्यंतच्या अंतराचा. तो कमी केला की चाक बाहेर येते आणि गाडी छाती काढून उभी राहते. चाकाच्या बेअरिंगवर ताण वाढतो. मागच्या सीटवर तिघे बसले की टायर फेंडरला घासतो. उपाय म्हणून तिघांना रिक्षाने पाठवतात.

परफॉर्मन्सचा दावा निराधार नाही. आखूड साइडवॉल कमी लवते, त्यामुळे वेगातल्या वळणावर स्टिअरिंग चटकन प्रतिसाद देते. हनुमान रोडवर पुढे रिक्षा आणि बाजूला शहाळ्यांची हातगाडी असताना हा गुण सुप्तावस्थेत राहतो. स्वस्त ओतीव रिम मोठी झाली की बहुधा जडही होते, आणि पिकअप व ॲव्हरेज दोन्ही घटतात. फॉर्म्युला वनच्या गाड्या २०२१ पर्यंत १३ इंची रिमवर धावत होत्या; त्यांना पार्ल्यात कोणी वळूनही पाहिले नसते.

शास्त्राची वार्षिक परीक्षा जुलैत होते. प्रश्नपत्रिका पाण्याखाली असते. उत्तरे दोन प्रकारची : रिम वाकते, किंवा टायरच्या कडेला फुगा येतो. पंक्चरवाला फुग्यावरून अंगठा फिरवतो आणि मान हलवतो. फुगा दुरुस्त होत नाही, टायर बदलावा लागतो. तोवर डिकीतली जुनी लोखंडी स्टेपनी लावतात. तीन सोनेरी आणि एक काळे चाक ही पार्ल्याची पावसाळी शैली होय. परीक्षेत वाचलेली रिम पुनर्विकसित इमारतीच्या यांत्रिक पार्किंगमधली लोखंडी कड खरवडून काढते.

कायद्याचे प्रकरण छोटे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई करते; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते अधोरेखित केले. बदल न कळवल्यास विम्याचा दावाही अडू शकतो. ही माहिती दुकानात बिलासोबत मिळत नाही. बिल तरी कुठे मिळते?

दिसणे आणि धावणे दोन्ही साधण्याचा मार्ग शास्त्राला ठाऊक आहे : कंपनी वरच्या मॉडेलला देते तोच आकार, तोच ऑफसेट, वजनाला हलकी रिम. ही जोडणी टिकते, घासत नाही आणि कायद्यातही बसते. मात्र “कितीला बसवली?” असे शेजारी विचारत नाहीत, त्यामुळे तिला फारसे गिऱ्हाईक नाही.