गट-उपगटवाले साहेब

नागापूर एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांच्या स्टोअरमध्ये एक गट-उपगटवाले साहेब भेटतात. नगर-मनमाड रस्त्यावरून पहिल्या शिफ्टच्या दुचाक्या आत वळत असतात, तेव्हा हे संगणकासमोर बसून 'हार्डवेअर'खाली 'फास्टनर', त्याखाली 'वॉशर', त्याखाली 'सपाट' आणि त्याखाली 'सपाट, पातळ' असं तळघर खोदत असतात. घरी हळद मसाल्यात धरायची की औषधात, हे त्यांचं अजून ठरायचंय. खिडकीशी फिटर येतो. "साहेब, वायसर द्या." "गट सांग." "गट कसला, पंप गळतोय!" "मग ते 'सील'मध्ये बघावं लागेल." पंप तोवर गळतच असतो.

फिटरला शिस्त नाही, असं साहेबांचं ठाम मत. पण वर्गवारी फिटरही करतोच की! तो वस्तू कुठे लागते त्यावरून करतो, साहेब आकारावरून करतात, आणि अकाउंट्सवाले ती कशाची बनली आहे ते विचारतात. 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यापासून तर हा तिसरा प्रश्न बिलावर वस्तूच्या एचएसएन या वर्गवारी-क्रमांकाच्या रूपानं छापूनच येतो. या क्रमांकाचे पहिले दोन आकडे म्हणजे प्रकरण, चार आकड्यांचं शीर्षक, सहापर्यंत जगाशी जुळणारं आणि पुढचे दोन आपले. त्यात लोखंडी वॉशर 7318 मध्ये, तांब्याचा 7415 मध्ये आणि रबरी 4016 मध्ये. एकाच खणात गुण्यागोविंदानं नांदणारी तीन भावंडं तीन प्रकरणांत गेली! बरं, धातूवरूनच ठरवायचं म्हणावं, तर पोलादी बॉल बेअरिंग मात्र पोलादाच्या 73 व्या प्रकरणात नाही. ते यंत्रांबरोबर 8482 मध्ये बसलंय. वर्गवारीच्या सरकारी झाडालाही एकच कसोटी शेवटपर्यंत पाळता आली नाही, आणि त्यात सरकारचं काही चुकलं असं मला वाटत नाही. गट वस्तूच्या अंगावर उगवत नाही, तो विचारणाऱ्याच्या गरजेतून येतो. साहेबांची गफलत एवढीच, की आपल्या गरजेला ते वस्तूचा जन्मजात स्वभाव समजतात.

'इतर' या शब्दाचा तर त्यांना अपमान वाटतो. एचएसएनमध्ये शीर्षकांच्या शेवटी 'इतर' निवांत बसलेलं असतं. साहेबांच्या झाडात त्याला थारा नाही. मग कुठेच न बसणाऱ्या वस्तूसाठी नवा उपगट निघतो, आणि त्यात ती एकटीच राहते.

कुणी म्हणेल, आता शोधखिडकी असताना गट हवेतच कशाला? हवेत, कारण शोध लागतो तो नाव ठाऊक असलेल्याला. एकानं 'बेअरिंग' लिहिलं, दुसऱ्यानं 'बेरिंग' आणि तिसऱ्यानं नुसतं 'बीआरजी 6205', तर शिल्लक तीन ठिकाणी दिसते आणि चौथ्यांदा खरेदी होते. इथे साहेबांचा हट्टच कारखान्याचे पैसे वाचवतो, हे मान्य करायलाच हवं. पण त्या 6205 कडे जरा नीट बघा. 6 म्हणजे डीप ग्रूव्ह प्रकार, 2 म्हणजे मालिका, 05 ला पाचानं गुणलं की आतला व्यास 25 मिलिमीटर. पुढे टूआरएस असेल तर दोन्ही बाजूंना रबरी सील. एकेका गुणाला आपापली जागा आहे, कुणी कुणाच्या पोटात शिरलेला नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1933 मध्ये ग्रंथालयांसाठी कोलन वर्गीकरण मांडलं, तेही बरंचसं याच वाटेनं: विषयाचे पैलू वेगवेगळे ठरवा आणि अपूर्णविरामासारख्या चिन्हांनी जोडा. स्टोअरला हेच लागू पडतं. वस्तूला एक मुका, म्हणजे स्वतः काहीच न सांगणारा क्रमांक द्यावा, झाड दोन पायऱ्यांवर थांबवावं, आणि धातू, माप, यंत्र, एचएसएन यांना स्वतंत्र रकाने द्यावेत. मग फिटर यंत्राच्या रकान्यातून येईल, अकाउंट्सवाले एचएसएनच्या, आणि वॉशर दोघांनाही सापडेल.

एवढे रकाने भरणार कोण, हा आक्षेप खरा आहे. भरणारा माणूस आयता खुर्चीत बसलाय. 'सपाट, पातळ' खोदण्यात जाणारा वेळ तेवढा इकडे वळवायचा. साहेबांनाही हे पटतं. फक्त रकाने वाढले की त्यांचे गट पाडावे लागतील, असं ते आधीच बजावून ठेवतात.