दंड परवडतो, पोट्टा नाही

गोंदिया जिल्ह्यातली सर्वांत यशस्वी शिकाऊ उमेदवारी योजना रेल्वे स्टेशनातून चालते. तिचं नाव महाराष्ट्र एक्सप्रेस. आयटीआयमधून फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडलेली पोरं आमगाव, सालेकसा, सडक अर्जुनीहून येतात, जनरल डब्यात रुमाल टाकून जागा धरतात आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला उतरतात. गाडी पुढे कोल्हापूरपर्यंत जाते, म्हणजे पुण्यात नाहीच जमलं तर तीही सोय आहे. या योजनेपायी गोंदियाच्या उद्योजकांना एक रुपयाचा खर्च येत नाही. तिकीट पोराचा बाप काढतो.

शिकाऊ उमेदवार कायदा मात्र १९६१ पासून सांगतोय, की शिकवायचं काम मालकाचं आहे. तो मालक कसा दिसतो हे समजायला एक काल्पनिक शेठजी घेऊ. जिल्हा धानाचा, त्यामुळे शेठजी राइस मिलचेच असणार. गिरणीत राबणारी माणसं चाळीस. हजेरीपटावर एकोणतीस.

या एकोणतीसमागे मोठा अभ्यास आहे. २०१९ च्या नियमांप्रमाणे तीस किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक; एकूण संख्येच्या अडीच ते पंधरा टक्के. चार ते एकोणतीस माणसं असतील तर मालकाची मर्जी. उरलेले अकरा हमाल मुकादमाचे, आपले नव्हेत, असं शेठजी छातीवर हात ठेवून सांगतात. २०१४ च्या दुरुस्तीने ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारांत मोजायला लावला आहे, हे मुनीमजींनी वाचलेलं आहे. शेठजींना सांगितलेलं नाही.

समजा, सांगितलं. चाळीस माणसांवर अडीच टक्क्यांनी एक उमेदवार येतो. आयटीआय झालेल्या पोराला २०१९ च्याच नियमांप्रमाणे महिन्याला किमान ७००० रुपये विद्यावेतन. त्यातले पंचवीस टक्के, जास्तीत जास्त १५०० रुपये, केंद्र सरकार २०१६ च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेतून देतं. आधी ही रक्कम मालकाला मिळायची, २०२३ पासून ती थेट उमेदवाराच्या खात्यात पडते. शेठजींचा योजनेवरचा विश्वास उडाला तो त्याच दिवशी. राज्याने २०२१ मध्ये आपली वेगळी योजना काढून विद्यावेतनाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, कमाल ५००० रुपये उचलण्याची तयारी दाखवली. ती बाजूला ठेवली, तरी शेठजींच्या खिशातून जातात महिन्याला ५५०० आणि वर्षाला ६६,०००. उमेदवार कायद्याने कामगार नसल्यामुळे भविष्यनिर्वाह निधी नाही, ईएसआय नाही.

आता न घेतला तर? पूर्वी या कायद्यात सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. २०१४ ला ती काढली आणि दंड ठेवला: प्रत्येक रिकाम्या जागेमागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये, नंतर दरमहा १०००. वर्षाचे झाले १०,५००. तेही कोणी खटला भरला तर.

मुनीमजींनी दोन्ही आकडे एकाखाली एक मांडले आणि गिरणीत त्या दिवशी चहा जरा लवकर आला.

पण केवळ पैशाकडे बघून निर्णय घेतील ते शेठजी कसले. त्यांच्याकडे तत्त्वही आहे. ‘पोट्टं शिकलं का पयते पुन्याले,’ ते सांगतात, ‘शिकवावं आमी, अन् नेन दुसराच.’ न शिकवलेली पोट्टीसुद्धा पुण्यालाच पळतात, हे स्टेशनवर कोणालाही दिसेल. शिवाय शिकवून झाल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. शिकून तयार झालेल्यांना घेण्याबाबत मालकाने आपलं धोरण ठरवावं, एवढंच म्हणतो. शेठजींनी धोरण ठरवलं आहे. शिकवायचंच नाही.

इकडे गिरणीत काय चाललंय? सरकारी धानाची भरडाई करून देताना शंभर किलो धानामागे सदुसष्ट किलो तांदूळ जमा करावा लागतो आणि त्यात तुकडा पंचवीस टक्क्यांवर गेला तर माल परत. तुकडा किती पडेल हे धानाच्या ओलाव्यावर ठरतं, तसंच टरफल काढणाऱ्या शेलरच्या रबर रोलमधलं अंतर कोण लावतो यावरही. ते अंतर ओळखणारा मिस्त्री गिरणीत एकच. रोल झिजला की तो आवाजावरून सांगतो. त्याच्या हाताखाली वर्षभर एक चुणचुणीत पोरगा उभा राहिला तर दोन-चार टक्के कणी वाचू शकते आणि वर्षभराचं विद्यावेतन त्यातून निघायला फार दिवस लागू नयेत. राइस मिलच्या कामाला साजेसा अभ्यासक्रम नाही, ही सबबही २०१४ ला गेली. ‘पर्यायी व्यवसाय’ या सदराखाली मालक आपल्या कामापुरता अभ्यासक्रम स्वतः आखू शकतो. शेठजी मात्र कणीचा दोष धानाला देतात. धान उलटून बोलत नाही.

शेठजींनाच का बोलावं? सरकार स्वतःही मालकच आहे. गोंदिया ज्या नागपूर विभागात येतो, तिथे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने २०२५ मध्ये १००७ शिकाऊ जागांची जाहिरात काढली. रेल्वे शिकवते, यात वाद नाही. शिकलेल्यांना ठेवून घेण्याचा विषय निघाला की मात्र गाड्या थांबतात: २० मार्च २०१८ ला मुंबईत माटुंगा-दादरच्या रुळांवर रेल्वेत शिकलेली पोरंच बसली होती. राज्याने तर २०२४ च्या निवडणूक वर्षात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला ६०००, आयटीआय आणि पदविकेला ८०००, पदवीला १०,०००, सगळं सरकारी तिजोरीतून. लोकांनी तिला लाडका भाऊ म्हटलं. सहा महिन्यांची योजना, नंतर पाच महिने वाढवली. ही योजना उद्योगांसाठीही होती, पण राज्यभर कितीतरी भाऊ सरकारी कार्यालयांत आणि शाळांत जाऊन बसले. कारकुनांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या, त्यामुळे शिकवायला माणूस नव्हता आणि काम मात्र भरपूर होतं. भाऊ जावक क्रमांक टाकायला शिकले. अकरा महिन्यांनी कायम करा म्हणून मोर्चे निघाले, तेव्हा हे तर प्रशिक्षण होतं, असं त्यांना समजावण्यात आलं.

एकट्याला झेपत नसेल तर काही मालकांनी मिळून उमेदवार शिकवावेत, अशी मुभाही शिकाऊ उमेदवार कायद्यात आहे. एका गिरणीत शेलर, दुसरीत पॉलिशर, तिसरीत दाणे निवडणारं सॉर्टेक्स, आणि पोरगा वर्षभरात तिन्ही यंत्रं हाताळून तयार. एकजूट हा तर जिल्ह्यातल्या गिरणीमालकांचा हातखंडा. भरडाईचा दर पटला नाही की सरकारशी करार करायचा नाही, हे ठरवायला त्यांना एक संध्याकाळ पुरते. संयुक्त प्रशिक्षणाचा विषयही आपल्या शेठजींनी येत्या बैठकीत घेतला आहे. भरडाईचा दर, वाहतूक भाडं, बारदाना, थकीत बिलं, गोदामाची जागा, विजेचा दर आणि मग सातवा विषय हा. सहाव्यानंतर जेवण आहे.