शहाण्णव भाव आणि एक बिल

देशात विजेचा बाजार रोज भरतो. पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडले की दिवसाचे 96 तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव निराळा. 2008 पासून हा लिलाव संगणकावर चालू आहे. उन्हाळ्यात भर दुपारी सोलरची वीज धो धो आली की भाव कोसळतो. दिवेलागणीनंतर तोच भाव 10 रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. खरेदीदार पडद्याला डोळे लावून बसलेले असतात.

आणि ज्याच्या नावाने हे सगळं चालतं तो ग्राहक, म्हणजे आपण, जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत मोबाइलचा टॉर्च मारून आकडे वाचतो आणि म्हणतो, "पळतंय बरं का हे!"

मीटर जुनं असेल तर जुनं झालंय म्हणून पळतं, नवं असेल तर मुद्दाम तसं बसवलंय म्हणून पळतं. कुणाचं मीटर हळू चालतं असं आजवर ऐकिवात नाही. चालत असेलही, पण तो माणूस चारचौघांत तोंड उघडत नाही.

दुसरी श्रद्धा स्लॅबची. शंभराच्या वर एक युनिट गेलं की अख्खं बिल वरच्या दराने लागतं, ही समजूत इतकी पक्की आहे की महिनाअखेरीला इस्त्री कपाटात ठेवणारी घरं आहेत. प्रत्यक्षात पहिल्या शंभर युनिटला शंभराचाच दर लागतो, वरचा दर फक्त वरच्या युनिटला. पण हे सांगायला जावं तर समोरचा आपल्याकडे वीज कंपनीचा माणूस असल्यासारखा बघतो. स्लॅबचा खरा फायदा हेरला तो एका घरात दोन मीटर घेणाऱ्या भावांनी. दोघांनाही स्वस्तातले शंभर-शंभर युनिट. त्यासाठी कागदोपत्री संसार वेगळे दाखवावे लागतात. आईने जन्मभर एकत्र ठेवलेली चूल शंभर युनिटपायी विभागली गेली, आणि भाऊ अजून एकाच ताटात जेवतात.

बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यांवर 16 टक्के वीज शुल्क. यातला इंधन समायोजन आकार मला मनापासून आवडतो. भेंडी घेऊन, खाऊन, पचवून झाल्यावर भाजीवाल्याने दारात येऊन म्हणावं, "ताई, त्या आठवड्यात टेम्पोचं डिझेल महाग पडलं, तेवढा फरक द्या." मंडईत असं बोलणाऱ्याची काय गत होईल ते सांगायला नको. इथे आपण मुदतीच्या आत पैसे भरतो आणि लवकर भरल्याची सूट मिळाली का तेही तपासतो.

खरं सांगायचं तर त्या 96 भावांचा आपल्या बिलाशी संबंध थोडाच. आपल्या घरी येणारी बरीचशी वीज पंचवीस-पंचवीस वर्षांच्या करारांनी आधीच बांधलेली असते. हे करार कोण करतं, कोणत्या भावाने करतं, याची घरगुती ग्राहकाने एकदाच मनापासून चौकशी केली, एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या वेळी. तेव्हा पानाच्या टपरीवरसुद्धा लोक युनिटचा दर बोलत होते. प्रकल्प समुद्रात बुडवू म्हणत 1995 मध्ये शिवसेना-भाजप युती सत्तेवर आली, तिने दाभोळचा करार रद्द केला आणि काही महिन्यांतच तो आणखी मोठा करून परत आणला. 2001 मध्ये वीज मंडळाने ती वीज घेणंच थांबवलं. त्यानंतरचे करार शांतपणे झाले. टपरीवर आता क्रिकेट असतं.

आपल्याला कुणी विचारत नाही, असं मात्र म्हणू नये. रीतसर विचारतात. दरांचा प्रस्ताव आला की विद्युत नियामक आयोग वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सूचना आणि हरकती मागवतो, सुनावणी ठेवतो. शेकडो पानांच्या त्या याचिका वाचून आकडेवारीसह भांडणारी पुण्याच्या 'प्रयास'सारखी मोजकी मंडळी आहेत. उद्योगांचे वकील असतात, पंपवाल्यांच्या संघटना असतात. बाकीचे घरगुती ग्राहक त्या वेळी कामावर, व्यापारी दराच्या एसीत बसलेले असतात.

28 मार्च 2025 ला आयोगाने महावितरणचे दर उतरवणारा आदेश काढला. घराघरांत कॅल्क्युलेटर निघाले. महावितरणने या आदेशावर दाद मागितली आणि 2 एप्रिलला आयोगाने आपलाच आदेश थांबवला. नवे दर लागू व्हायचे होते 1 एप्रिलपासून. तारखेतच सूचना होती, आपण वाचली नाही. जूनमध्ये फेरआदेश आला, पण तोवर कॅल्क्युलेटर परत खणात गेले होते.

या फेऱ्यात एक भेट मात्र मिळाली. ज्यांच्याकडे स्मार्ट टीओडी, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारं मीटर आहे त्यांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या विजेवर युनिटमागे 80 पैसे ते 1 रुपया सवलत. हिशेब बिनचूक आहे: दुपारी सोलर स्वस्त, तेव्हा दुपारी वापरा. फक्त दुपारी घरात असतं कोण? आजी. आणि आजी दिवा मालवून, पंखा एकवर ठेवून पडलेली असते. दोन किलोवॉटचा गिझर पंधरा मिनिटं चालवला तर अर्धं युनिट जातं, म्हणजे भर दुपारी अंघोळ केली तर फार तर पन्नास पैसे सुटतील. पन्नास पैशांसाठी अर्धी रजा टाकणारा ग्राहक अजून जन्माला यायचाय.

"मग मोबाइलसारखी कंपनी बदलायची सोय द्या," असं म्हणणारे असतात. मुंबईच्या उपनगरांना ही चैन मिळाली होती. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटांचा घरोघर वीज विकायचा हक्क मान्य केला, आणि 2009 पासून तारा रिलायन्सच्या, वीज टाटांची अशी व्यवस्था झाली. लोकांनी हिशेब केला आणि गेले. 2011 मध्ये गेलेल्यांवर क्रॉस सबसिडीचा, म्हणजे स्वस्त दराच्या ग्राहकांचा भार उचलण्याचा, अधिभार बसला. लोकांनी पुन्हा हिशेब केला. पुढे जानेवारी 2023 मध्ये ठाणे, नवी मुंबई, पनवेलच्या बाजूला महावितरणच्याच भागात खाजगी कंपनीला वीज विकायचा समांतर परवाना देण्याची गोष्ट निघाली तेव्हा राज्यातले वीज कर्मचारी त्याविरुद्ध तीन दिवसांच्या संपावर निघाले. खाजगीकरण की सार्वजनिक सेवा, यावर चॅनेलांवर कडाक्याची चर्चा झाली. घरगुती ग्राहकाने त्या सकाळी गच्चीवरची टाकी काठोकाठ भरली, बादल्या भरल्या, इन्व्हर्टरचं पाणी तपासलं. संप त्याच दिवशी मिटला.

आता गच्चीवर टाकीशेजारी पॅनेल आली आहेत. 2024 च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपयांचं अनुदान मिळतं, तेव्हापासून ग्राहकच विक्रेता झालाय. हे लोक चहाआधी मोबाइलवर कालचं 'जनरेशन' बघतात. मीटर पळतं ही तक्रार त्यांनी सोडून दिली. आता त्यांचं म्हणणं असं, की आपली वीज बाहेर जाताना मीटर हवं तसं पळतच नाही. वर्षअखेरीला उरलेल्या युनिटचा जो भाव मिळतो तो बघून ते खवळतात. आणि शून्य युनिटच्या बिलावरही स्थिर आकार असतोच. सलग ढगाळ हवा राहिली तर तेवढ्या दिवसांचा स्थिर आकार माफ व्हावा, असा अर्ज करायचं आमच्या शेजारच्या बिल्डिंगीत घाटतंय. मसुदा तयार आहे. तो कंपनीच्या खिडकीवर द्यायचा की हवामान खात्याच्या, एवढ्यावरच अडलंय.