मोशीचे क्वालिटीवाले काका

निगडीपासून मोशीपर्यंत कुठल्याही सोसायटीत जा, एक क्वालिटीवाले काका भेटतातच. रविवारीसुद्धा खिशाला पेन. पोळी करपली तर ते करपली म्हणत नाहीत, "रिजेक्शन वाढलंय" म्हणतात. शेगडी पेटेना तर लायटर बघायच्या आधी पाच वेळा 'का' विचारतात. टोयोटाची पद्धत आहे म्हणे. पाचव्या 'का'पर्यंत काकूंनी काडेपेटी शोधून चहा टाकलेला असतो.

आमच्या मोशीच्या काकांकडे दोन कुत्री. लॅब्रॅडोर सुमो आणि गावठी चेतक. नावं गावाच्या अभिमानानं ठेवलेली. चेतक ही स्कूटर आकुर्डीच्या बजाजची, १९७२ ची. सुमो ही गाडी टेल्कोची, १९९४ ची. आणि सुमो म्हणजे सुमंत मुळगावकर, हे लिफ्टमध्ये सापडेल त्याला ऐकावंच लागतं. चेतक हे पिल्लू चाकणला कंपनीच्या गेटवर मिळालं. घरी आणून नाव ठेवून झाल्यावर कळलं, ती कुत्री आहे. "इनकमिंग इन्स्पेक्शनला सुटलं," काका म्हणाले.

तर ही चेतक सुमोच्या पाठीवर चढायची. हॉलमध्ये, पाहुण्यांसमोर. एकदा तर ऐन भिशीत. बायका एकदम चिवड्याचं कौतुक करू लागल्या. तोवर चिवडा आलाही नव्हता. काकू लाजून स्वयंपाकघरात गेल्या. काकांना धक्का बसला तो तांत्रिक : "मादी नरावर? असेंब्लीच उलटी!"

लगेच कंपनीत दोषांसाठी उघडतात तसा एट-डी रिपोर्ट उघडला. फ्रिजवर कारणांचा फिशबोन तक्ता लागला : माणूस, मशीन, मटेरियल, मेथड. सुमोला मशीनखाली टाकलं.

मग चेतकला दवाखान्यात नेलं. जनावरांच्या डॉक्टरांनी आधी तिची लघवी तपासली. इन्फेक्शनमुळेही असं होतं. ते नव्हतं. मग त्यांनी सांगितलं की माद्या चढतात, ऑपरेशन झालेली कुत्रीही चढतात. दर वेळी त्यात तसलं काही नसतं. आनंद अंगात मावत नाही, खेळ हाताबाहेर जातो, कधी भीती वाटते, म्हणूनही चढतात. ओरडू नका आणि हसूही नका, तिला दोन्ही शाबासकीच वाटेल. चढण्याआधी ती सुमोच्या मागे घुटमळत असेल, पाठीवर हनुवटी टेकवत असेल. तेवढ्यात हाक मारा, आली की खाऊ द्या. नाहीच ऐकलं तर घरातही हलका पट्टा बांधून ठेवा, न बोलता बाजूला न्या, एक-दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत. आणि सुमो गुरगुरला तर त्याला दटावू नका, त्याचं बरोबर आहे.

"म्हणजे प्रिव्हेंटिव्ह अ‍ॅक्शन!" काका खूश. त्यांनी चेकशीट छापून आणली. तारीख, वेळ, ठिकाण, शिफ्ट. भरायची अर्थातच काकूंनी.

महिन्यानं काकांनी आलेख काढला आणि गप्प झाले. सकाळ कोरी, दुपार कोरी. सगळ्या खुणा संध्याकाळच्या, काका दारात उभे असतानाच्या. कंपनीत ज्यांच्यासमोर व्हेंडर चळाचळा कापतात ते हे गृहस्थ बसमधून उतरून दार उघडलं की किंचाळायचे, "कोऽण आलंय? माझी चेतू! माझा सुम्याऽ!" वर डब्यावर चमच्यानं ठेका. सुमो गरागरा फिरायचा, चेतकला काही सुचायचं नाही, ती चढायची. बस तळेगाव चौकात अडकली असेल त्या दिवशी दोनदा.

काकूंनी पेन घेतलं. चेतक का चढते? चेकाळते म्हणून. का चेकाळते? सुमो नाचतो म्हणून. तो का नाचतो? दारात कुणीतरी नाचतं म्हणून. "चौथा 'का' तुम्ही विचारता की मी विचारू?"

आता पंचाईत अशी, की कारणाच्या रकान्यात 'ऑपरेटरची चूक' लिहून आलेला रिपोर्ट काकांनी तीस वर्षं व्हेंडरच्या तोंडावर परत मारलाय. माणूस हा रूट कॉज नसतोच, सिस्टिम बघा! हे त्यांनी काकूंनाही तासभर समजावलं. काकू म्हणाल्या, बरं, सिस्टिम बदलू.

दुसऱ्या दिवशी दाराच्या आतल्या बाजूला लॅमिनेट केलेला कागद : 'आत येताना बोलू नये. डबा ओट्यावर ठेवावा. हातपाय धुवावेत. दोघं खाली बसल्यावरच नाव घ्यावं.' खाली 'अप्रूव्ह्ड बाय' काकू.

चेतक हळूहळू सुधारली. आता हाक मारली की सुमोला सोडून खाऊकडे पळते. काकांचं मात्र ट्रेनिंग चालू आहे. पगाराच्या दिवशी दारातच "सुम्याऽ" निसटतं, आणि काकू शेऱ्याच्या रकान्यात 'ऑपरेटर' लिहून सही करतात.